सणाच्या दिवशी पोस्ट टाकली तर उशीर झाला! लालबाग-दादरच्या बाजाराकडून शिका धंद्याच्या पोस्टचं वेळापत्रक

घरगुती फराळ करणाऱ्या ताई, मसाला कुटणारे बचत गट, आंब्याची पेटी पाठवणारे बागायतदार, गणपतीच्या मूर्ती घडवणारे कारखानदार. गावातले असे कितीतरी छोटे धंदे आता व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर दिसतात. यांचं बरंचसं गिऱ्हाईक मुंबईत असतं: लालबाग-परळच्या चाळीतले नातेवाईक, दादरचे ओळखीचे, गिरगावातले जुने शेजारी. फोटो चांगले असतात, मालही चांगला असतो, तरी ऑर्डर येत नाही. मग वाटतं, आपल्याला सोशल मीडिया जमत नाही.

बऱ्याच वेळा अडचण वेगळीच असते, ती म्हणजे वेळेची. दिवाळीच्या फराळाची पोस्ट धनत्रयोदशीला पडते. मसाल्याचा फोटो जूनमध्ये येतो. गणपतीच्या मूर्तीचा व्हिडिओ चतुर्थीच्या आठवड्यात टाकला जातो. तोपर्यंत गिऱ्हाईकाने खरेदी उरकलेली असते. पोस्टला लाईक मिळतात, ‘छान’ म्हणून हात जोडलेले इमोजी येतात, पण डबे घरातच राहतात. फराळ महिनाभर ठेवता येत नाही. मूर्ती तर पुढच्या वर्षापर्यंत सांभाळावी लागते. म्हणजे पोस्ट चुकली की हंगामच गेला.

म्हणून एक नियम लक्षात ठेवा: सण कधी आहे ते पाहून पोस्ट टाकू नका. गिऱ्हाईक खरेदी कधी ठरवतं ते पाहा आणि तिथून उलटे दिवस मोजा. मुंबईचे जुने बाजार वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत.

लालबाग: मसाल्याचा हंगाम पावसाआधीच संपतो

लालबागच्या बाजारात मिरची-मसाल्याची गल्ली आहे. मार्च ते मे या महिन्यांत मुंबई-ठाण्यातून बायका तिथे येतात. बेडगी, संकेश्वरी, पांडी, काश्मिरी अशा मिरच्या निवडून घेतात, धणे-खोबरं-खडा मसाला घेतात, भाजून घेतात आणि डंखावर कुटून वर्षाचा मसाला घरी नेतात. पावसाळा लागला की मिरची सादळते, म्हणून ही बेगमी उन्हातच करायची असते.

आता तुमच्या बचत गटाचा मालवणी किंवा घाटी मसाला मुंबईला विकायचा असेल, तर तुमची पोस्ट कधी पडली पाहिजे? ज्या बाईला लालबागला जायला वेळ नाही आणि जी मसाला कुणाकडून मागवायचा याचा विचार करतेय, तिच्यासमोर तुमचा फोटो फेब्रुवारीच्या शेवटी आला पाहिजे. मार्चमध्ये तिला दर कळला पाहिजे. एप्रिलमध्ये ऑर्डर घ्यायची आणि मेच्या मध्यावर ‘शेवटची कुटाई’ जाहीर करायची. जूनमध्ये कितीही सुंदर व्हिडिओ टाकला तरी तिच्या बरण्या भरलेल्या असतात.

लालबागचीच चिवडा गल्लीही प्रसिद्ध आहे. तिथे बारा महिने चिवडा मिळतो, पण गर्दी उसळते ती दिवाळीच्या तोंडावर. दुकानदार काही त्या दिवशी जागे होत नाहीत. पोहे, डाळं, शेंगदाणे, तेल यांची तजवीज कितीतरी आधी झालेली असते. पोस्टचंही तसंच आहे. सामान भरताना जसं आधीचं बघतो, तसंच फोटो आणि मजकुराचं आधी बघायचं.

परळ-लालबागची मंडळं: एकाच गोष्टीच्या चार बातम्या

परळ-लालबाग हा सार्वजनिक गणपतींचा आणि मोठ्या मूर्तींच्या कारखान्यांचा भाग. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासूनचा, गणेश गल्लीचा मुंबईचा राजा १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. ही मंडळं आज मोबाईलवर लाखो लोकांपर्यंत पोहोचतात. भक्ती आणि धंदा या वेगळ्या गोष्टी आहेत. पण माहिती टप्प्याटप्प्याने कशी द्यायची, हे या मंडळांकडून नक्की शिकता येतं.

आधी पाद्यपूजन होतं, त्याची बातमी आणि फोटो येतात. मग मंडपाचं काम आणि सजावटीची चर्चा. कारखान्यातून मूर्ती निघते तो आगमन सोहळा, त्याची तारीख आधीच जाहीर होते आणि बऱ्याचदा तो शनिवार-रविवार बघून ठेवलेला असतो. चतुर्थीच्या काही दिवस आधी राजाचं मुखदर्शन होतं. नंतर दहा दिवस थेट दर्शन आणि शेवटी गिरगाव चौपाटीवरचं विसर्जन.

गणपती एकच, पण लोकांना प्रत्येक टप्प्यावर काहीतरी नवीन बघायला मिळतं आणि पुढचं काय याची उत्सुकता राहते. तुमच्या छोट्या धंद्यालाही हेच लागू आहे. तयार मूर्तीचा एकच फोटो टाकून थांबू नका. माती मळताना, साचा काढताना, रंग भरताना, डोळ्यांची आखणी करताना असे चार फोटो चार आठवड्यांत टाका. काम तेवढंच असतं, पण पोस्ट चार होतात.

दादर: झेंडूची लागण आणि पोस्टची लागण

दादर स्टेशनबाहेरच्या फुलबाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. तिथला झेंडू ज्या शेतकऱ्याने पिकवला, त्याने लागण कधी केली होती? दसऱ्याच्या दोन-अडीच महिने आधी. त्याने दसऱ्याची तारीख बघितली, मागे मोजलं आणि रोपं लावली. दसऱ्याच्या आठवड्यात लागण करणारा शेतकरी आपल्याला वेडा वाटेल. पण पोस्टच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो.

पोस्ट म्हणजे विक्री नव्हे, लागण आहे. उगवायला तिला दिवस लागतात. गिऱ्हाईक पहिल्यांदा फोटो बघतं तेव्हा नुसतं बघून पुढे जातं. दुसऱ्यांदा दर विचारतं. मग घरात विषय काढतं. नंतर ऑर्डर देतं. एवढे दिवस तुमच्या वेळापत्रकात धरलेले हवेत.

दादरचंच आणखी एक उदाहरण. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. आंबेडकरी साहित्य छापणारे प्रकाशक, दिनदर्शिका काढणारे, गावोगावचे पुस्तकविक्रेते या दिवसासाठी महिनोन् महिने तयारी करतात. नवीन पुस्तक त्या दिवशी स्टॉलवर असायला हवं असेल तर छपाई, बांधणी आणि वाहतूक आधीच उरकावी लागते. कोणतं पुस्तक येतंय, स्टॉल कुठे आहे, हे वाचकाला गावातून निघण्यापूर्वी कळायला हवं. ५ डिसेंबरच्या रात्री कळवून काय उपयोग? तोवर तो गाडीत बसलेला असतो.

गिरगाव: मजकूर आधी ठरवण्याची सवय शंभर वर्षांची

‘कंटेंट कॅलेंडर’ हा शब्द नवा असला तरी ही गोष्ट मराठी माणसाला नवीन नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली मुंबईतून ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. गिरगाव आणि दादरच्या पुस्तकांच्या दुकानांत आजही दिवाळीच्या आधी अंक मांडलेले असतात. त्यासाठी लेखकांना पत्रं, जाहिराती, चित्रं, छपाई ही सगळी कामं पावसाळ्यातच सुरू होतात. तारीख ठरलेली असते आणि बाकी सगळं तिच्या मागे लावलेलं असतं.

दुसरं उदाहरण तर बहुतेकांच्या भिंतीवर आहे. मूळचे मालवणचे जयंतराव साळगावकर यांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आपल्याला वर्ष सुरू व्हायच्या आधीच मिळतं. तुमच्या पोस्टचं वेळापत्रक करायला वेगळं अ‍ॅप लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर, एक वही आणि एक पेन पुरे.

पण इथे एक मोठी चूक टाळा. गेल्या वर्षीच्या तारखा तशाच उतरवू नका. आपले सण तिथीप्रमाणे येतात. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे आणि २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक महिना आहे, १७ मे ते १५ जून, म्हणून पुढचे सण लांबले. गेल्या वर्षीच्या वहीतली तारीख बघून पोस्ट टाकली तर अडीच आठवड्यांचा फरक पडतो. म्हणून वहीत तारीख लिहिण्यापेक्षा ‘चतुर्थीच्या ४५ दिवस आधी’, ‘दसऱ्याच्या दिवशी’ असं लिहा. ते दरवर्षी चालतं.

अधिक महिना ही धंद्याची संधीही आहे. जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. शहरातल्या बऱ्याच घरांत आता अनारसे करायला वेळ नसतो. अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो. कॅलेंडर आधी बघणारीला ही ऑर्डर मिळते, न बघणारीला महिना अर्धा झाल्यावर आठवण येते.

उलटं मोजायचं कसं? दिवाळी फराळाचं उदाहरण

समजा, तुमचा चार बायकांचा गट फराळ करतो आणि मुंबईला पाठवतो. २०२६ ची दिवाळी घेऊ. धनत्रयोदशी ६ नोव्हेंबरला, शुक्रवारी आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. आता मागे मोजा.

गिऱ्हाईकाच्या घरी डबा पोहोचायला हवा: ५ नोव्हेंबरपर्यंत.

पार्सल गावातून निघायला हवं: ३ किंवा ४ नोव्हेंबरला. दिवाळीत एसटी आणि खासगी गाड्यांना गर्दी असते, म्हणून एक दिवस हाताशी ठेवा.

फराळ तयार करण्याचे दिवस: २८ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर. चिवडा, शेव, शंकरपाळी आधी, लाडू आणि करंज्या शेवटी.

ऑर्डर बंद करण्याचा दिवस: २७ ऑक्टोबर. त्यानंतर ‘नाही’ म्हणायला शिका. जास्तीची ऑर्डर घेऊन माल बिघडला तर पुढचं वर्षही जातं.

ऑर्डर सुरू करण्याचा दिवस: २० ऑक्टोबर, दसरा. मुहूर्ताचा दिवस आहे, लक्षात राहतो.

आठवण देण्याचा दिवस: शनिवार, २४ ऑक्टोबर संध्याकाळ. मुंबईचा नोकरदार सुट्टीच्या दिवशी घरात बसून यादी करतो. ‘मंगळवारी ऑर्डर बंद’ एवढंच लिहा.

दर जाहीर करण्याचा दिवस: ११ ऑक्टोबर, घटस्थापना. किलोचा दर, डब्यात काय काय, पार्सल खर्च वेगळा की धरून, हे सगळं एकाच फोटोत.

फोटो आणि व्हिडिओ काढण्याचे दिवस: २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. हा पितृपक्ष आहे. या दिवसांत बरेच लोक नवी खरेदी टाळतात, म्हणून विक्रीची पोस्ट कमी चालते. पण तयारीला हा काळ उत्तम. थोडासा नमुन्याचा फराळ करा, चांगल्या उजेडात फोटो काढा आणि मजकूर लिहून ठेवा.

म्हणजे ८ नोव्हेंबरच्या दिवाळीचं काम सप्टेंबरच्या शेवटी सुरू झालं. आणि खरं काम, म्हणजे तळण, सुरू व्हायच्या आधीच पोस्टचं काम संपलेलं असेल. हा सगळ्यात मोठा फायदा. कढईसमोर उभं असताना एका हाताने स्टेटस लावायची वेळ येत नाही.

वर्षभराचा कच्चा तक्ता

तुमचा धंदा कोणताही असो, पुढच्या यादीतून आपल्याला लागू पडेल ते निवडा. सगळ्या सणांना पोस्ट टाकायची गरज नाही. ज्या सणाला आपला माल विकला जातो, तेवढेच सण आपले.

डिसेंबर: संक्रांतीचे तिळाचे लाडू, हलव्याचे दागिने, हळदीकुंकवाचं वाण. संक्रांत १४-१५ जानेवारीला येते, म्हणून दागिन्यांचे नमुने डिसेंबरच्या मध्यावरच दाखवा. नव्या सुनेची आणि बाळाची पहिली संक्रांत असलेली घरं लवकर शोधायला लागतात.

फेब्रुवारी: मसाला, पापड, कुरडया, सांडगे यांची पहिली माहिती.

मार्च: आंब्याचं आगाऊ बुकिंग. गुढीपाडवा २०२६ मध्ये १९ मार्चला, तर २०२७ मध्ये ७ एप्रिलला. झाडावरचा मोहोर आणि कैरी दाखवा, पिकलेल्या आंब्याचा जुना फोटो नको. पेटी कधी मिळेल ते खरं सांगा.

एप्रिल-मे: अक्षय्य तृतीयेला आंब्याची मागणी. पावसाळ्याआधीची शेवटची बेगमी. कोकम, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी. मुंबईकर गावी आलेले असतात, त्यांना माल हातात द्या आणि नंबर सेव्ह करायला सांगा. हे गिऱ्हाईक वर्षभर टिकतं.

जुलै: गणपतीची तयारी. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. २०२६ ला शनिवार, १२ सप्टेंबरच्या गाडीचं आरक्षण १४ जुलैला सुरू होईल. याचा अर्थ लालबाग-परळचा चाकरमानी गावी कधी जायचं ते जुलैच्या मध्यावर ठरवतो. गावात मूर्ती, मखर, मंडप, जेवण, गाडी भाड्याने देणाऱ्यांनी त्याच आठवड्यात त्याच्यासमोर यायला हवं.

ऑगस्ट: राख्या, श्रावणातले उपवासाचे पदार्थ, मोदकाचं पीठ.

सप्टेंबर: गणपतीत विक्रीची पोस्ट थोडी, ओळखीची जास्त. गावी आलेल्या माणसांशी प्रत्यक्ष बोला.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: फराळ, कंदील, पणत्या, उटणं, रांगोळी. वर दिल्याप्रमाणे उलटं मोजा.

पोस्टमध्ये टाकायचं काय?

आठवड्याला तीन पोस्ट पुरतात. रोज टाकणं अवघड जातं आणि मग आठ दिवसांत सगळंच बंद पडतं. चार प्रकार आलटून पालटून टाका.

पहिला, तयारी. मिरची वाळत घातलेली, चूल पेटलेली, कंदिलाच्या काड्या बांधताना. यात दर लिहू नका, नुसतं काम दिसू द्या.

दुसरा, माल आणि दर. वजन, दर, कुठे मिळेल, पैसे कसे द्यायचे. ‘दरासाठी मेसेज करा’ असं लिहिलं की बरेच जण मेसेजच करत नाहीत. दर सरळ लिहा.

तिसरा, गिऱ्हाईकाच्या प्रश्नाचं उत्तर. मसाला किती दिवस टिकतो? तिखट किती आहे? पेटीत फळं किती येतात? खराब निघालं तर? मागच्या वर्षी फोनवर जे प्रश्न आले, तेच वहीत लिहून काढा. दहा प्रश्न म्हणजे दहा पोस्ट तयार.

चौथा, शेवटची तारीख. ऑर्डर कधी बंद, गाडी कधी निघणार. तारीख खरी हवी. ‘शेवटचे दोन दिवस’ असं दर आठवड्याला लिहिलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

फोटो स्वतःच्या मालाचाच टाका. दुसऱ्याचा फोटो उचलला तर एखाद्या दिवशी फोटोचा खरा मालकच कमेंटमध्ये येतो. गिऱ्हाईकाचा किंवा त्याच्या मुलांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. खाण्याचा पदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या आणि तो नंबर पाकिटावर आणि पोस्टवर लिहा. शहरातलं गिऱ्हाईक तो बघतं.

मोबाईलवर आधीच लावून कसं ठेवायचं?

इन्स्टाग्राम: सेटिंगमध्ये जाऊन खातं प्रोफेशनल करून घ्या, पैसे लागत नाहीत. मग पोस्ट तयार करताना ‘शेड्युल’चा पर्याय दिसतो. ७५ दिवस आधीपर्यंतची तारीख देता येते.

फेसबुक: स्वतःच्या नावाच्या खात्याऐवजी धंद्याचं पेज काढा. ‘मेटा बिझनेस सूट’ या मोफत अ‍ॅपमधून पेज आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे पोस्ट लावून ठेवता येते. एकदा लावली की ठरलेल्या वेळी ती आपोआप जाते. त्या वेळी गावात रेंज नसली, वीज गेली किंवा मोबाईल बंद असला तरी चालतं. म्हणून तालुक्याला किंवा चांगली रेंज असेल तिथे गेल्यावर महिन्याच्या पोस्ट एकदम लावून या.

व्हॉट्सअ‍ॅप: स्टेटस चोवीस तासांत जातं आणि ते आधी लावून ठेवण्यापेक्षा त्या दिवशी हातानेच टाकावं. पण मजकूर तयार ठेवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करण्याची सोय आहे. फोटो आणि मजकूर तारखेसह तिथे पाठवून ठेवा, त्या दिवशी नुसतं फॉरवर्ड करा. मोबाईलमध्ये गजर लावून ठेवा.

धंद्यासाठी ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’ हे वेगळं मोफत अ‍ॅप घ्या. त्यात मालाचा कॅटलॉग लावता येतो, ठरावीक उत्तरं साठवता येतात आणि ‘नवीन ऑर्डर’, ‘पैसे आले’, ‘पार्सल पाठवलं’ अशी लेबलं लावता येतात. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण मेसेज त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे. त्यामुळे पहिल्या ऑर्डरच्या वेळीच ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ हे सांगा. आपोआप शेकडो मेसेज पाठवणारी बनावट व्हॉट्सअ‍ॅप अ‍ॅप घेऊ नका. नंबर बंद झाला तर सगळं गिऱ्हाईक एका दिवसात जातं.

लावलेली पोस्ट थांबवावी लागते तेव्हा

आधी लावून ठेवण्यात एक धोका आहे. जगात काय चाललंय ते मोबाईलला कळत नाही. ६ फेब्रुवारी २०२२ ला लतादीदी गेल्या. संध्याकाळी दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. अशा दिवशी आपल्या पेजवरून ढोल-ताशाच्या गाण्यावर ‘धमाका ऑफर’ पडली तर लोकांना राग येतो आणि तो बरोबरच असतो. मुंबईत पाणी भरून लोकल बंद पडल्या असतील तेव्हाही ‘आजच मागवा’ हे हास्यास्पद दिसतं.

म्हणून दोन गोष्टी करा. लावलेल्या पोस्टची यादी कुठे दिसते ते बघून ठेवा, म्हणजे दोन मिनिटांत ती थांबवता येईल. आणि गटातल्या आणखी एका विश्वासू माणसाला पेजचा प्रवेश द्या. एकाच मोबाईलवर सगळा धंदा ठेवू नका. ६ डिसेंबरसारख्या आदराच्या दिवशी विक्रीची पोस्ट लावूच नका.

दर आठवड्याला एक जागा मोकळी सोडा. पाऊस लवकर आला, आंबा उशिरा तयार झाला, गाडी बदलली, अशी खरी बातमी त्या जागी येते. उशीर होणार असेल तर तोही आधी सांगा. आधी कळवलेला उशीर गिऱ्हाईक समजून घेतं.

लाईक मोजू नका, ऑर्डर मोजा

वहीत पाच रकाने आखा: सणाच्या किती दिवस आधी, काय टाकलं, फोटो कुठला, किती जणांनी विचारलं, किती ऑर्डर आल्या. प्रत्येक नवीन गिऱ्हाईकाला एकच विचारा, ‘आमची माहिती कुठे बघितलीत?’ उत्तर लिहून ठेवा. एका हंगामात कळेल की लाईक कुठल्या पोस्टला मिळाले आणि पैसे कुठल्या पोस्टने आणले. बऱ्याचदा या दोन पोस्ट वेगळ्या निघतात.

नंबर सगळीकडे पसरला की भामटेही फोन करतात. मोठी ऑर्डर देतो, पैसे पाठवायला हा क्यूआर कोड स्कॅन करा, असं कोणी म्हटलं तर लगेच फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा.

आजच सुरुवात करायची असेल तर एवढंच करा. भिंतीवरचं कॅलेंडर काढा. तुमचा माल सगळ्यात जास्त जातो त्या पुढच्या सणावर गोल करा. तिथून मागे मोजून चार तारखा वहीत लिहा: पार्सल निघण्याची, ऑर्डर बंद होण्याची, दर जाहीर करण्याची आणि फोटो काढण्याची. त्यातली शेवटची तारीख बहुतेक वेळा तुम्हाला वाटते त्यापेक्षा जवळ असते. कदाचित याच आठवड्यात.